विश्लेषण : जुन्या गाडीचे इंजिन का तापते? पाणी उकळण्याआधी काय तपासावे?

कुर्ल्यात तयार झालेल्या पहिल्या पद्मिनी गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. माहुल-चेंबूरच्या टँकरच्या गर्दीत किंवा बोरघाटाच्या चढावर अशा गाडीचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, की मालक आधी पाणी ओततो आणि मग नवा रेडिएटर शोधू लागतो. मात्र गाडी नेमकी कुठे आणि केव्हा तापते, यावरूनच बहुतेक वेळा दोष ओळखता येतो.

हा विषय आता का?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. उरल्या त्या खासगी गाड्या.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. जगभरातले हौशी क्लब हा शब्द साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांसाठी वापरतात. पण आपल्याकडच्या कायद्याच्या व्याख्येत आता साठच्या दशकातली फियाट बसते आणि पहिल्या वर्षांतली पद्मिनीही. एकेकाळी गल्लीतल्या कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी ही गाडी आता जपण्याची वस्तू झाली आहे. तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात, दोन्ही कमी होत आहेत. त्यामुळे एकदा इंजिन जास्त तापून हेड वाकले किंवा तडकले, तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही.

इंजिनात उष्णता किती तयार होते?

पेट्रोल जळून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे, म्हणजे ३० किलोवॉटच्या आसपास. ते पूर्ण जोराने चालते तेव्हा साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. घरातल्या दोन किलोवॉटच्या गिझरशी तुलना केली, तर एकाच वेळी चालू असलेल्या पंधरा गिझरएवढी ही उष्णता आहे.

हे काम तीन गोष्टींवर चालते. इंजिनाभोवती पाणी पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. रेडिएटरच्या नळ्या आतून मोकळ्या हव्यात. त्यांच्या जाळीतून पुरेशी हवा आरपार जायला हवी. तिन्हींपैकी एकही कमी पडले, तरी काटा वर चढतो.

बाहेरच्या हवेचाही मोठा वाटा असतो. रेडिएटरची क्षमता पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि जानेवारीतल्या पहाटेची हवा १८ अंशांवर असेल, तर फरक ७२ अंशांचा. मेच्या दुपारी हवा ३६ अंशांवर गेली की तो ५४ वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद एक चतुर्थांशाने घटते. हिवाळ्यातल्या रॅलीत नीट धावलेली गाडी उन्हाळ्यात उकळते, यात नवल नाही. आधीच काठावर असलेला दोष उन्हाने उघडा पाडलेला असतो.

जुन्या गाड्या नव्यांपेक्षा जास्त का तापतात?

पहिले कारण रचनेचे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये थोड्या सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर ते फिरायचे. अशा गाडीत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली, की हे फिरणेच थांबते. पुढच्या काळातल्या फियाटसारख्या गाड्यांत पंप आला. पण पंप आणि पंखा एकाच पट्ट्याने इंजिनाला जोडलेले. इंजिन मंद चालले की दोन्ही मंद. आजच्या गाडीतला विजेचा पंखा मात्र गाडी उभी असली तरी पूर्ण वेगाने फिरू शकतो.

दुसरे कारण वयाचे. बिडाच्या ब्लॉकला आतून गंज चढतो, त्याचे कण पाण्यात मिसळतात आणि ब्लॉकच्या मागच्या टोकाला, जिथे प्रवाह सर्वांत मंद असतो तिथे, गाळ होऊन बसतात. त्याच वेळी नळ्यांत क्षारांचा थर जमतो. बाहेरून रंगवून चकचकीत केलेला रेडिएटर आतून निम्मा बुजलेला असू शकतो.

माहुल रोडला तापते, फ्रीवेवर नाही. याचा अर्थ काय?

माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखाने आणि तेलाची आगारे आहेत. टँकरच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहणे इथल्या वाहनचालकांना नवे नाही. त्याच परिसरालगत २०१३ मध्ये खुला झालेला ईस्टर्न फ्रीवे आहे, जिथे गाडी एका वेगाने धावू शकते. जुन्या गाडीची परीक्षा घ्यायला हे दोन रस्ते पुरेसे आहेत.

गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर लागल्यावर खाली येतो, असे असेल तर दोष बहुधा हवेच्या बाजूचा आहे. वेग आला की समोरून येणारा वाराच पंख्याचे काम करतो. सरकत्या गर्दीत मात्र सगळी भिस्त पंख्यावर असते. अशा वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात.

फॅन बेल्ट : दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा. त्याहून ढिला असेल तर तो घसरतो. फार ताठ असेल तर पंप आणि डायनॅमोचे बेअरिंग खातो. पट्ट्याच्या कडा चकाकत असतील तर तो घसरत आहे, असे समजावे.

पंखा : इंजिन उघडल्यानंतर पंखा उलटा बसवला जाण्याचे प्रकार गॅरेजमध्ये होतात. मंद चालत्या इंजिनावर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरला तर तो जाळीला चिकटायला हवा. हात, बाही आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी.

आवरण आणि फटी : काही गाड्यांत पंख्याभोवती पत्र्याचे आवरण असते. ते काढून ठेवले असेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा फिरवतो.

जाळी : खाडीची दमट, खारट हवा आणि रस्त्यावरची धूळ मिळून जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये लगदा जमतो. इंजिनाच्या बाजूने पुढे असे हलक्या धारेने पाणी मारून तो काढावा. जोराच्या धारेने पत्रे वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

उलट घडत असेल तर?

गर्दीत गाडी ठीक राहते, पण फ्रीवेवर दहा-पंधरा मिनिटे वेगाने धावल्यावर किंवा चढाला काटा चढतो, तर संशय पाण्याच्या बाजूवर घ्यावा. वेगात हवा भरपूर असते. पण इंजिन जास्त पेट्रोल जाळत असल्याने उष्णता वाढते आणि बुजलेल्या नळ्या ती बाहेर टाकू शकत नाहीत.

गरम रेडिएटरच्या जाळीवर दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर फिरवला तर कुठे काय अडले आहे ते कळते. वरून खाली किंवा एका बाजूकडून दुसरीकडे तापमान सावकाश उतरायला हवे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटर इंजिनापासून सोडवून उलट्या दिशेने पाणी सोडल्यास सैल गाळ निघतो. थर घट्ट असेल तर टाकी उघडून, नळ्यांतून पातळ सळई फिरवून, पुन्हा झाळ द्यावा लागतो. हे काम रेडिएटरच्या कारागिराचेच.

ब्लॉक धुतला नाही आणि नुसता रेडिएटर साफ केला, तर काही दिवसांत तोच गाळ पुन्हा रेडिएटरमध्ये येतो. खालची रबरी नळीही पाहावी. पंप तिच्यातून पाणी ओढतो. रबर मऊ पडले असेल तर इंजिनाचा वेग वाढताच नळी चपटी होते आणि प्रवाह तुटतो. गाडी उभी असताना ती अगदी ठीक दिसते, म्हणून हा दोष अनेकदा सुटतो.

तिसरी शक्यता सर्वांत गंभीर. थंड इंजिन चालू केल्याबरोबर रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, वारंवार पाणी कमी होत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. अशी गाडी चालवत राहू नये.

बोरघाटातच पाणी का उकळते?

मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर खोपोलीनंतर चढ लागला की बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे एका पिढीच्या प्रवासातले नेहमीचे दृश्य होते. त्यामागे तीन कारणे एकत्र येतात. चढाला इंजिन जोराने चालते. वेग कमी असल्याने समोरचा वारा मिळत नाही. शिवाय उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. साधारण दर ३०० मीटरला एक अंश, या हिशेबाने लोणावळ्याला उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना.

घाटात मोठ्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवत नेण्यापेक्षा एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचा वेग वाढला की पंप आणि पंखा दोन्ही जोराने फिरतात. माथ्यावर पोहोचताच इंजिन लगेच बंद करू नये. पंप थांबला की तापलेल्या धातूची उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते आणि बंद गाडीतले पाणी उकळते. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे.

पाणी कोणते घालावे? कूलंट हवेच का?

खाडीकाठच्या बोअरचे पाणी मचूळ असते. त्यातल्या क्षारांचा थर नळ्यांत बसतो आणि क्लोराइडमुळे गंज वाढतो. म्हणून ते टाळावे. डिस्टिल्ड पाणी उत्तम. पण नुसते डिस्टिल्ड पाणीही पुरेसे नाही, कारण त्यात गंजरोधक नसते.

बाजारातल्या कूलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने असतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंशांनी वाढतो, हा फायदा. मात्र ते मिश्रण पाण्याएवढी उष्णता वाहून नेऊ शकत नाही, हा तोटा. मुंबईत पाणी गोठण्याची भीती नाही. त्यामुळे इथे ग्लायकॉलचे प्रमाण कमी ठेवून, डब्यावर गंजरोधनासाठी सांगितलेल्या किमान प्रमाणाच्या खाली मात्र न जाता, मिश्रण करणे सोयीचे ठरते. तांबे, पितळ आणि झाळ असलेल्या जुन्या रेडिएटरला चालेल असे कूलंट आहे ना, हे डब्यावर वाचावे. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा खाडीत ओतू नये. ग्लायकॉल विषारी असते आणि गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात.

रेडिएटर काठोकाठ भरावा का?

पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापले की सुमारे चार टक्क्यांनी फुगते. सहा लिटर पाणी असेल तर जवळपास पाव लिटर जास्त होते. जुन्या अनेक गाड्यांत हे जादा पाणी साठवणारी बाटली नसते. ते खाली सांडते आणि पातळी थोडी उतरून तिथेच स्थिरावते. हा दोष नाही. रोज काठोकाठ भरायचे आणि रोज सांडायचे, यात कूलंट पातळ होत जाते आणि ताज्या पाण्याबरोबर नवे क्षार आत येतात. पातळी स्थिर न राहता रोज खाली जात असेल, तर मात्र गळती शोधावी.

झाकण आणि थर्मोस्टॅटचे काय?

दाबाच्या झाकणामुळे उत्कलनबिंदू वाढतो. दर एक पाउंड दाबामागे सुमारे दीड अंश. म्हणून काही जण आजच्या गाडीचे जास्त दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरवर बसवतात. हा उपाय धोक्याचा आहे. मूळ रेडिएटर कमी दाबासाठी, किंवा फार जुन्या गाड्यांत अजिबात दाबासाठी नसलेला, असेल तर झाळ उघडते किंवा रबरी नळी फुटते. मूळ पुस्तिकेत सांगितलेल्या दाबाचेच झाकण लावावे आणि त्याचे रबर तपासावे.

‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट कशाला?’ असे म्हणत तो काढून टाकण्याची रीत गॅरेजमध्ये जुनी आहे. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतानाच आडवाट बंद करतो. तो काढला की बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते आणि तापणे वाढते. इतर इंजिनांत तो नसल्यास इंजिन बराच वेळ थंड राहते, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर पातेल्यात पाणी तापवून त्यात तो टांगावा. त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडला तर ठीक, नाहीतर बदलावा. हीच चाचणी तापमानाच्या काट्यालाही लागू पडते. उकळत्या पाण्यात तो १०० अंश दाखवत नसेल, तर दोष कदाचित काट्यातच असेल.

पाणी-हवा ठीक असूनही इंजिन तापते, असे होते का?

होते. टायमिंग मागे पडले असेल तर पेट्रोल उशिरा जळते आणि सिलिंडरच्या भिंती व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतात. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल तरी तेच. अडकलेला ब्रेक, बुजलेला सायलेन्सर, नुकतेच बोअर केलेले घट्ट इंजिन, हेही उष्णता वाढवतात. थोडे चालवून झाल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावे. एकच चाक कढत लागले तर रेडिएटरला दोष देऊ नये.

इथे पेट्रोलचाही प्रश्न येतो. माहुलचा भारत पेट्रोलियमचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो बर्मा-शेलचा होता. त्या काळच्या पेट्रोलसाठी त्या काळचे कार्ब्युरेटर जुळवले गेले. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. साधे पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरा पटींच्या आसपास. नव्या गाडीतली यंत्रणा हा फरक स्वतः जुळवून घेते. जुना कार्ब्युरेटर घेत नाही. त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ होते. जाणकार मेकॅनिककडून जेट थोडा मोठा करून घेणे आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी बदलणे, हे दोन्ही आवश्यक आहे. तडकलेल्या नळीतून पेट्रोल गरम इंजिनावर गळले, तर आग लागू शकते.

काटा ठीक असताना गाडी बंद का पडते?

याला व्हेपर लॉक म्हणतात. गरम बोनेटखाली नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. पाणी उकळलेले नसते, तरी गाडी आचके देत थांबते. पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबले की ती पुन्हा सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे किंवा तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण घालणे.

रस्त्यात पाणी उकळलेच तर काय करावे?

गाडी सुरक्षित बाजूला घ्यावी. बाहेर पाणी सांडलेले नसेल आणि काटा नुकताच चढत असेल, तर न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग किंचित वाढवून मिनिटभर पाहावे. वाफ येत असेल किंवा पाणी गेले असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. पाणी निघून गेल्यावर काटा खालीही येऊ शकतो, कारण तो आता पाण्याऐवजी वाफ किंवा हवा मोजत असतो. त्यावर विसंबून पुढे जाऊ नये.

झाकण गरम असताना उघडू नये. दाबाखालचे पाणी झाकण सैल होताच उसळते आणि चेहरा-हात भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवल्यावर जाड फडके टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत सैल करावे, दाब जाऊ द्यावा, मगच काढावे.

तापलेल्या, कोरड्या इंजिनात गार पाणी ओतू नये. फियाट ११०० च्या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. अचानक गार पाणी लागले तर हेड वाकते किंवा तडकते. इंजिन निवल्यावर, ते मंद चालू ठेवून, थोडे थोडे पाणी घालावे.

विजेचा पंखा लावला तर चालेल का?

गर्दीत त्याचा उपयोग होतो. पण जुन्या गाडीत अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो. इंजिन मंद असताना तो फारशी वीज देत नाही, त्यामुळे पंख्याचा भार थेट बॅटरीवर पडतो. सहा व्होल्टच्या गाड्यांत अडचण आणखी मोठी. शिवाय २०२१ च्या नियमांत चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी विंटेज धरली जात नाही. म्हणून पंखा लावायचाच असेल तर काहीही न कापता, न छेदता, पुन्हा काढता येईल असा लावावा. विंटेज नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच तिला मुभा आहे, हेही लक्षात ठेवावे.

सुरुवात कुठून करावी?

खर्च न लागणाऱ्या गोष्टींपासून. आधी पातळी, पट्टा, झाकण, नळ्या आणि जाळी. मग टायमिंग, कार्ब्युरेटर आणि ब्रेक. त्यानंतर थर्मोस्टॅट आणि काट्याची चाचणी. रेडिएटर उघडणे त्यापुढे, आणि हेड काढणे सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा चालवून पाहावे. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवून तारीख, रस्ता, बाहेरची हवा आणि काट्याचा आकडा लिहीत गेले, की चार-पाच फेऱ्यांत दोष हवेचा की पाण्याचा हे स्पष्ट होते. मेकॅनिकला ‘गाडी तापते’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘माहुल रोडला तापते, फ्रीवेला नाही’ असे सांगितले, तर निम्मे काम तिथेच झालेले असते.